जनुकाची मक्तेदारी

पेशीचा कारभार हा अखंड दुरुस्तीचा कारभार आहे. प्रत्येक पेशीतील डीएनए दररोज हजारो ठिकाणी दुखावतो आणि विकरांची फौज तो सांधत राहते. धाग्याचा एक पदर तुटला की 'पार्प' नावाचे विकर तेथे धावते. दोन्ही पदर तुटले तर बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या प्रथिनांवाचून निर्दोष दुरुस्ती होत नाही. यांपैकी एका जनुकात जन्मतः दोष असलेल्या स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी अधिक असतो. परंतु जी उणीव रोगाला जन्म देते, तीच रोगाचे मर्मस्थानही ठरते. कर्करोगपेशीत त्या जनुकाची दुसरी, चांगली प्रतही गेलेली असते. इतर पेशींत ती शाबूत असते. म्हणून औषधाने पार्पला रोखले की रोगट पेशी मरते, निरोगी पेशी तगते. शेफील्ड व लंडन येथील संशोधकांनी 2005 मध्ये हे दाखवून दिले.

या ज्ञानाची मालकी कोणाची? बीआरसीए-1 चा ठावठिकाणा 1990 मध्ये बर्कलीच्या सार्वजनिक विद्यापीठातील मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर लावला. 1994 मध्ये मिरियड कंपनीने ते जनुक वेगळे केले, तेही युटा विद्यापीठ व सरकारी संशोधकांच्या साहाय्याने. पेटंट मात्र पदरात पडले आणि अमेरिकेत तपासणीची मक्तेदारी कंपनीकडे गेली. शुल्क तीन हजार डॉलरांहून अधिक झाले. निरोगी स्तन वा बीजकोश काढून टाकायचे की नाही, हा निर्णय ज्या स्त्रीला घ्यायचा, तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत खातरजमा करून घेण्याचीही सोय उरली नाही!

शोधकाचा खर्च भरून निघावा म्हणून मक्तेदारी, हा पेटंटचा अर्थशास्त्रीय युक्तिवाद. पण जनुक कोणी निर्माण केले नव्हते, आणि शोधाचा भार करदात्यांनीही वाहिला होता. रुग्ण स्त्रिया व शास्त्रज्ञ 2009 मध्ये न्यायालयात गेले. 13 जून 2013 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : निसर्गातील डीएनए वेगळा काढला म्हणून तो पेटंटयोग्य होत नाही. प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रतीचे पेटंट मात्र न्यायालयाने मान्य केले. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी तपासणी जाहीर केली, एकीने तर हजार डॉलरांच्या आत.

तरीही हजारो स्त्रियांच्या तपासणीतून जमलेली, कोणता जनुकबदल घातक व कोणता निरुपद्रवी हे सांगणारी माहिती कंपनीने आपल्यापाशीच ठेवली. तेव्हा डॉक्टर आणि खुद्द रुग्ण स्त्रिया आपापले अहवाल सार्वजनिक भांडारात जमा करू लागल्या.