काखेत कळसा, ऑनलाइन वळसा

सध्या आमच्या ग्रुपमध्ये एकच फॅड आहे, ब्रिटिश प्यूटर! ऑफिसमधल्या एका मित्राने ऑनलाइन लिलावात जुना बिअर मग पटकावलाय. राखाडी, जड, तळाशी कारागिराचा ठसा. दिसतो सॉलिड! लंडनच्या प्यूटर कारागिरांच्या संघाला १५व्या शतकातच राजाची सनद मिळाली होती म्हणे. म्हणजे खानदानी मामला.

पण प्यूटर म्हणजे काय? मुख्यतः कथील. सोबत थोडं तांबं, अँटिमनी आणि जुन्या मालात बरेचदा शिसं. त्यामुळे मग शोकेसमध्ये मिरवा, त्यात सोलकढी मात्र ओतू नका. आंबटात शिसं उतरतं.

हेच कथील रत्नागिरीच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त भांड्याच्या आतून. कल्हई, बॉस! भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पसरवायचं. म्हणून कोकमाची आमटी पितळेत कळकत नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो, तर आई पितळी पातेली मोडीत काढायला निघालेली. म्हटलं, ‘‘अगं, अँटिक आहेत ही!’’

‘‘कल्हईवाला फिरकत नाही. आणि घासणार कोण? तू?’’

प्रश्न बिनतोड होता. पण मोडीत फक्त किलोचा भाव मिळतो. पातेल्याच्या काठावर कोरलेल्या आजीच्या नावाचे पैसे शून्य. मित्राने मोजले ते तळाच्या ठशाचेच ना? शेवटी तह झाला. मोठी पातेली गेली, नाव असलेलं एक माझ्या फ्लॅटवर आलं. घासतो मीच. दर रविवारी, चिंच लावून.

पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतले दिवे, अडकित्ते, भांडी जमवली, त्यातून अख्खं संग्रहालय उभं राहिलं. आपल्याला एवढं झेपणार नाही, पण एक भांडं तर झेपेल? पुढच्या वेळी गावी गेलात की माळ्यावर चढा. काठावरची नावं वाचा, ती कुणाची ते आईला, आत्याला विचारून लिहून ठेवा. कल्हई करताना कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, तेवढं खात्रीने विचारा.

प्यूटरचा मग पुढच्या लिलावातही मिळेल. आजीचं नाव एकदा वितळलं की संपलं.