रक्तदाबाची वही कोण वाचणार?

मध्यमवर्गीयांच्या कपाटात तापमापकाच्या शेजारी आता रक्तदाब मोजण्याचे यंत्रही येऊन बसले आहे. दंडाला बांधावयाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली प्रचारात आणला आणि धमनीतील आवाज ऐकून माप घेण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. तेव्हापासून दीर्घकाळ ही विद्या डॉक्टरांच्या हातची होती. आज कळ दाबताच आकडा कोणालाही दिसतो. मात्र आकडा दिसणे आणि त्याचा अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या विकाराची व्याप्ती लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १५ वर्षे व त्यावरील वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यावर औषध घेत होत्या. हा विकार बहुधा दुखत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. शिवाय दवाखान्यातील एका मापावर विसंबणेही धोक्याचे असते. कित्येकांचा दाब डॉक्टरांसमोर बसताच चढतो. याउलट कित्येकांचा तेथे नेमका आटोक्यात दिसतो आणि घरी चढलेला असतो. पहिल्यास विनाकारण गोळ्या मिळतात, दुसऱ्यास आवश्यक असून मिळत नाहीत.

जपानने हा प्रश्न लवकर ओळखला. तेथील ओहासामा या ग्रामीण भागात १९८०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, पुढील धोक्याचा अंदाज दवाखान्यातील मापापेक्षा घरातील मापावरून अधिक चांगला येतो. दोहोंत तफावत पडल्यास घरातील माप प्रमाण मानावे, असे तेथील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली सांगितले.

परंतु त्या मापामागे शिस्त असावी लागते. पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीत असावा. त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. सकाळी औषधापूर्वी आणि सायंकाळी, दोन-दोन वेळा, सलग सात दिवस माप घ्यावे आणि पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरली, तर डॉक्टरांकडे जावे. याउलट घरोघरी घडते ते असे की, भांडण झाले की माप, आकडा चढला की भीती, आणि भीतीने तो आणखी चढला की एक जादा गोळी. आकडा उतरला की गोळीच बंद! दोन्ही गोष्टी घातक होत.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२१ साली या यंत्रांवरील व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. त्याआधी २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ठराविक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद या तीन गोष्टींवर भर दिला. महाराष्ट्र त्यात प्रारंभापासून आहे. नेमकी येथेच एक कडी जोडावयाची राहिली आहे. घरातील वहीत लिहिलेले आकडे बाह्यरुग्ण विभागातील घाईगर्दीत बहुधा कोणी पाहत नाही. आणि ज्या मजुराला त्यांची सर्वाधिक गरज, त्याच्या घरी यंत्रही नाही आणि वहीही नाही.

म्हणून केवळ यंत्रे स्वस्त करून भागणार नाही. उपकेंद्रातून आठवड्यापुरते यंत्र उसने मिळावे, आशा कार्यकर्तीने ते वापरावयास शिकवावे आणि रुग्णाच्या कार्डावर घरातील सरासरीसाठी एक रकाना असावा. एवढे घडले, तर डॉक्टरांचे दोन मिनिटांचे लक्षही सार्थकी लागेल. अन्यथा आरोग्याची जबाबदारी शासनाने नागरिकावर ढकलली आणि नागरिकाने ती यंत्रावर, एवढेच म्हणावे लागेल. आकडा सांगणे हे यंत्राचे काम. तो वाचून रुग्णाला उत्तर देणे हे माणसाचे आणि व्यवस्थेचे कर्तव्य आहे.