मेहुण्यांची मोटार

जुन्या वस्तूंचे वेड दोन प्रकारचे असते. एक स्वस्तातले आणि दुसरे घर विकायला लावणारे. जुनी तिकिटे, नाणी, अडकित्ते, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे ही पहिल्या वर्गातली. (शेवटचे वेड माझे, त्याने घरातला एक पलंग कायमचा गिळला आहे, पण कर्ज काढायला लावलेले नाही.) दुसऱ्या वर्गात सर्वांत वरचा पाट मी जुन्या अमेरिकन मोटारींना देतो, आणि त्यांतही तिकडे ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्यांना. म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या फुगवून हिंडणारी मोटार.

मराठीच्या मास्तराला हे कुठून सुचले, असे तुम्ही विचाराल. माझी धाकटी बहीण गेली बावीस वर्षे डेट्रॉइटजवळ ट्रॉय या गावी राहते. तिचे यजमान मोटारींच्याच धंद्यात इंजिनिअर आहेत. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेलो तो दुसऱ्याच दिवशी चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "दादा, तूच सांग ह्यांना. तुझं ऐकतील."

काय सांगायचे ते कळण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

१९६४ साली जनरल मोटर्सचा असा दंडक होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. त्यांच्या पाँटिअ‍ॅक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. टेंपेस्ट नावाच्या साध्या, सुस्वभावी गाडीला, गिऱ्हाइकाने मागितले तर, तीनशे डॉलरच्या आत ३८९ घनइंची इंजिन जोडून मिळेल असे ठरले. नवी गाडी काढलीच नाही, तर नियम मोडला कसा? आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरचे जुने इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे होते. हे जवळजवळ ६४०० चे, म्हणजे चारपटीहून मोठे. नाव ठेवले जीटीओ, तेही फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचललेले. पाच हजार खपतील अशी अपेक्षा होती, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. मग सगळेच धावले. प्लिमथने १९६८ च्या आपल्या गाडीला व्यंगचित्रपटातल्या 'रोडरनर' पक्ष्याचे नाव देण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले आणि भोंगाही त्याच्या आवाजाचा बसवला!

हा पोरखेळ दहा वर्षेही टिकला नाही. आधी विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, १९७० साली हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखल्यावर उरलेसुरले बळ ओसरले. गाड्या परसात गेल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ खालून पत्रा खाते. आपण लोणचे मुरवतो, तिथे मोटारी मुरतात.

त्या काळचे विशीतले तरुण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या तरुणपणी ही गाडी हप्त्यांवर मिळत होती. आता मुले मार्गी लागल्यावर तीच पुन्हा हवी वाटली तर नवल नाही. पण आमचे मेहुणे जन्मले मिरजेत, १९७५ साली. त्यांनी लहानपणी पाहिलेले सर्वांत बलवान वाहन म्हणजे उसाचा ट्रक. त्यांना हे वेड कुठून लागले?

मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. १९९७ साली शिकायला आले तेव्हा जवळ गाडी नव्हती, आणि डेट्रॉइटमध्ये गाडी नसणे म्हणजे पंढरपुरात पाय नसणे. ऑगस्टातल्या एका शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर बसची वाट पाहत उभे होते. या रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींची मोठी फेरी निघते, हे त्यांना ठाऊक नव्हते. बस येईना, समोरून गाड्यांची मिरवणूक चाललेली. एका म्हाताऱ्याने हिरवी जीटीओ कडेला घेतली, दार उघडले आणि म्हणाला, "बस आज येत नाही. बैस." वसतिगृहापर्यंत सोडले. "दादा, त्या देशात मला आपण होऊन कोणी 'बैस' म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा," मेहुणे म्हणाले. यावर मी काय बोलणार?

आता तशीच गाडी दोन गल्ल्या पलीकडे विकायला निघाली होती. १९६९ ची जीटीओ, वीस वर्षे बंद. मालक वारले, त्यांच्या पत्नीने २८ हजार डॉलर सांगितले. आणि आमची भाची पुढच्या वर्षी कॉलेजात जायची आहे.

बहिणीने मेहुण्यांच्याच हातचे अंदाजपत्रक माझ्यापुढे टाकले. एक एक ओळ वाचताना मला घाम फुटला. अशी गाडी 'नवी' करायची म्हणजे प्रथम शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करायची आणि प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायचा. मग वरचे शरीर चासीपासून उचलून एका लोखंडी घोडीवर चढवायचे आणि कणीस भाजताना फिरवतो तसे फिरवत तळापासून साफ करायचे. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडायचा. इंजिन उघडून झडपांच्या बैठका कठीण पोलादाच्या करायच्या, कारण ते जुन्या शिशाच्या पेट्रोलवर चालायचे आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल १९९६ पासून बंद आहे. बंपरला आधी तांबे, मग निकेल, मग क्रोम असा तिहेरी मुलामा. (या गाडीचा पुढचा बंपर लवचिक, रंगवलेला, तेवढीच बचत!) नुसता रंगच पंधरा हजार डॉलरचा. पण खरा खर्च हातांचा. नाव असलेल्या कारखान्यात हजार तास सहज जातात, आणि तासाला शंभर डॉलर धरले तरी एक लाख झाले. सुटे भाग निराळे. पाँटिअ‍ॅक हे नावच २०१० साली बंद पडले, त्यामुळे भाग नकला करणाऱ्यांकडून घ्यायचे. एकूण बेरीज दीड लाख डॉलरच्या वर, आणि इतके करून तयार झालेली साधी जीटीओ बाजारात ऐंशी हजारांच्या आत जाते.

"घरी केलं तर मजुरी वाचेल," मेहुणे म्हणाले. बहीण म्हणाली, "हो, आणि मुलगी आजी होईल."

या व्यवहारात मला सर्वांत गंमतीची वाटली ती अस्सलपणाची परीक्षा. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुळला तर किंमत पुष्कळ चढते. कारखान्यातला कागद मागच्या सीटखाली उंदरांनी शिल्लक ठेवलेला सापडला तर सोन्याहून पिवळे. कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने ओढलेल्या खुणा आणि रंगाचे ओघळसुद्धा हौशी लोक हुबेहूब पुन्हा काढतात. मुळापेक्षा चांगला रंग दिला तर स्पर्धेत गुण कापतात. हे ऐकून मला आपले पाठचिकित्सेचे शास्त्र आठवले. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. पोथीतला अपपाठ ठेवावा की काढावा यावर आम्ही मंडळी आयुष्य घालवतो. मोटारवाल्यांचा प्रश्नही तोच. फक्त त्यांची पोथी पेट्रोल पिते.

यात एक उलटा दाखलाही आहे. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने सहा हजार डॉलरला घेतली. त्याची पत्नी तिच्यातून शाळेत शिकवायला जात असे. पुढे गाडी पडून राहिली. पोचे, गंज, विटलेला रंग सगळे तसेच. २०२० साली फ्लॉरिडात लिलाव झाला आणि दलाली धरून ३७ लाख ४० हजार डॉलर आले. कोणी ती चकचकीत केली असती तर एवढे खात्रीने आले नसते.

मी मेहुण्यांना एवढेच सुचवले की आधी लोहचुंबक लावून पाहू. गंजाची भोके रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली असली तर तिथे चुंबक धरत नाही. घरात चुंबक कुठला? बहिणीच्या फ्रिजवरचा लेण्याद्रीचा गणपती घेऊन आम्ही गेलो. दारांवर गणपती घट्ट बसला. मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीवर ठेवला तो घसरून मेहुण्यांच्या बुटावर पडला.

त्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते माझ्या नवऱ्यानं स्वतः भरलं होतं. मोठा मुलगा झाला त्या वर्षी. त्याला ते काम अजिबात येत नव्हतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तेवढं काढून टाकाल का हो?"

मेहुण्यांनी कमानीवरून हात फिरवला. भरलेला भाग वेडावाकडा होता, बोटांना लागत होता. "नाही काढणार," ते म्हणाले.

सौदा एकवीस हजारांवर तुटला. बहिणीची अट अशी की आणखी नऊ हजारांवर एक डॉलर नाही आणि भाचीच्या खात्याला हात नाही. तेवढ्यात रंग नाही, मुलामा नाही. फक्त गाडी सुरू व्हावी आणि थांबावी. परवा फोन आला तेव्हा पेट्रोलची टाकी आणि ब्रेक झाले होते, कार्बुरेटर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडलेला होता. गॅरेजात आता एकाच गाडीची जागा उरली आहे, आणि ती जीटीओने घेतली आहे. बहिणीची रोजची गाडी या हिवाळ्यात बाहेर उभी राहणार. तिच्या काचेवरचे बर्फ रोज सकाळी साडेसहाला मेहुण्यांनी खरवडायचे, असे ठरले आहे.