हाडांची झीज कोण मोजणार?



मोखाड्याच्या एका पाड्यावर रोजगार हमीविषयी बैठक होती. बाया उशिरा आल्या. विहिरीवर नंबर होता. एकीला खाली बसताच येईना. वय जेमतेम पस्तीस. दवाखान्यात दाखवलंस का, असं मी विचारलं. "वाताचं म्हणतात, गोळी देतात. गोळी खाऊन परत पाण्यालाच जायचं ना, ताई?"

मी गप्प झाले. १९९२ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाडा वर्तमानपत्रांत आले. बालकांची वजनं घेतली जाऊ लागली, आणि ते आवश्यकच होतं. त्या बालकांच्या आयांच्या कंबरा मात्र 'बायकांची दुखणी' म्हणून घरातच राहिल्या.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जुनं हाड झिजत असतं, नवं भरत असतं. तिशीपर्यंत जमा होते ती पुंजी. पुढे तीच पुरवायची. अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरतं. पाजणं सुटल्यावर ही झीज बहुतेक भरून निघते. पण भरायला अन्न लागतं, उसंत लागते. पाळी गेल्यावर झीज वेगाने वाढते.

श्रमाने हाड बळकट होतं हे खरंच. पण पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. डोक्यावर दोन हंडे घेऊन, अर्धपोटी, रोज चढ चढायचा, तर मानेचे-कमरेचे मणके आणि गुडघे किती काळ साथ देतील?

सरकारी धोरणानुसार गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळायला हव्यात. त्या मागून घ्या. लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. पण त्यानंतर काय? आई म्हणून तिच्या हाडांची काळजी, बाई म्हणून नाही?

आपल्याच डोंगरउतारावरच्या नागलीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात जेमतेम १०. तरी ताटात तांदूळ वाढला, नागली हटली.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोन मागण्या लिहून द्या: घराजवळ बारमाही पाणी आणि रेशनवर, अंगणवाडीत नागली. शिवाय आपल्या गटातल्या किती जणींना खाली बसता येत नाही, ते वहीत लिहा. वाताचं म्हणून उडवून लावतील, तेव्हा ती वही पुढे करू.