माझं, की माझ्याकडे?

आमच्या केंद्रात आलेल्या एका मैत्रिणीचा अर्ज मी वाचत होते. तिने मराठीत सांगितलं होतं, "माझे दागिने सासूबाईंकडे आहेत." इंग्रजी मसुद्यात मात्र सासू ते दागिने 'ओन' करते, असं झालं होतं. म्हणजे सासूच मालकीण! लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शब्द जवळचा वाटला, त्याने लिहिला. पण मालकीच सोडून दिल्यावर परत काय मागायचं?

मराठीत 'माझं आहे' आणि 'माझ्याकडे आहे' यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो. इंग्रजीतल्या 'हॅव'मध्ये तो पुसला जातो. म्हणून कायद्याच्या कागदावर नेमका शब्द हवा. 'ओन' म्हणजे मालकी असणं, 'पझेस' म्हणजे ताब्यात असणं, 'कीप' म्हणजे नुसतं ठेवणं, सांभाळणं. सासूकडे दागिने 'ठेवले' होते, एवढंच खरं होतं.

हा शब्दांचा कीस नाही. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्रीधन नवऱ्याकडे वा सासरी सांभाळायला दिलं म्हणून त्यांचं होत नाही. ते विश्वस्त आहेत. मागितल्यावर परत देणं त्यांना भाग आहे.

उलट बाजूही पाहा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ म्हणतं, की हिंदू स्त्रीने 'पझेस' केलेली मालमत्ता ती पूर्ण मालक म्हणून धारण करील. त्याआधी विधवेला बहुधा हयातीपुरताच हक्क मिळे. मग भांडण निघालं: प्रत्यक्ष ताबा दिराकडे असेल तर? १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ व्यापक धरला. प्रत्यक्ष ताबा नसला, तरी कायद्याने तिचा हक्क असला की पुरे. एका शब्दाने कितीतरी बायकांच्या जमिनी वाचल्या.

काहीजणी म्हणतात, शब्द वकिलांवर सोडावेत. मला हे पटत नाही. घर, शेत, दागिने आपण आयुष्यभर सांभाळतो, आणि 'हे कुणाचं?' असं विचारलं की गप्प बसतो. तीच सवय कागदावरही उतरते.

म्हणून मैत्रिणींनो, सही किंवा अंगठा करण्याआधी इंग्रजी मसुदा मराठीत वाचून घ्या. प्रत्येक वस्तूपाशी दोन प्रश्न विचारा: मालकी कुणाची लिहिली आहे? ताबा कुणाचा? दोन्ही उत्तरं वेगळी असू शकतात. ती वेगळीच लिहायला लावा.