‘कोळी चावला असेल’ म्हणण्यापूर्वी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पावसाळ्यात आम्ही हे वाक्य नेहमी ऐकतो: ‘रात्री कोळी चावला असेल.’ असेलही. घरातले बहुतेक कोळी माणसाला फारसे बाधत नाहीत. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. सूज पसरली, फोड आले किंवा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवावे.

पण जमिनीवर झोपलेल्यांना रात्री मण्यार सापही चावतो. त्याच्या दंशाची खूण कित्येकदा दिसत नाही, दुखतही नाही. मग पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळणे-बोलणे जड जाते, शेवटी श्वास अडतो. अशी लक्षणे दिसताच कोळ्याचे नाव सोडावे आणि १०८ ला फोन करावा. आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. रुग्णाला चालवू नये. मण्यारच्या विषावरचे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते. दुआ जरूर करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर.

झोपण्यापूर्वी अंथरूण झटकावे, ही आपल्या नबी (स.) यांची शिकवण. ती पाळू या आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचू या.