पेटीतला माणूस

आमच्या घरी दिवाळीच्या तोंडावर दोन वस्तू माळ्यावरून खाली येतात. एक आकाशकंदिलाचा सांगाडा आणि दुसरी माझ्या वडिलांच्या वेळची बुद्धिबळाची पेटी. सांगाड्यावर दरसाल नवा कागद चढतो. पेटी मात्र आहे तशीच आहे. तिच्यातला एक पांढरा घोडा मी शाळेत असतानाच हरवला. तेव्हापासून त्याच्या जागी दोऱ्याचे रिकामे रीळ उभे राहते, आणि आमच्या घरात जन्माला आलेले प्रत्येक मूल रिळाला आधी घोडा म्हणून ओळखते, रीळ म्हणून मागाहून.

वडील देशी पद्धतीने खेळत. त्यांच्या खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरे चालण्याची मुभा असे, आणि शेवटची मात प्याद्याने केली तर तिचा मान सर्वांत मोठा. ओट्यावर पट मांडला की खेळणारे दोन आणि चाली सांगणारे आठ. आजच्या स्पर्धेत कोणी प्रेक्षकाने नुसते खाकरून जरी खूण केली तरी पंच धावून येतील. पण आमच्या ओट्यावर त्याला लबाडी म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. वडिलांची स्वतःची एक खास युक्ती होती. डाव अंगाशी येऊ लागला की त्यांना तहान लागे. मी पाण्याचा तांब्या घेऊन परत येईतो माझा उंट एखादे घर सरकलेला असे. ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि मला ती ठाऊक आहे हे वडिलांनाही ठाऊक होते. मी मुकाट्याने उंट जागेवर ठेवी, ते मुकाट्याने पाणी पीत. त्यात लबाडी होती, पण संशय नव्हता. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, हे समजायला मला आजोबा व्हावे लागले.

संशयाचे आणि बुद्धिबळाचे नाते तसे जुने आहे. 1770 साली व्हिएन्नाच्या राजवाड्यात, सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्यापुढे, फोन केम्पेलेन नावाच्या दरबारी गृहस्थाने एक यंत्र आणून ठेवले. मोठी लाकडी पेटी, वर बुद्धिबळाचा पट, आणि पेटीमागे तुर्की पोशाखातला लाकडी पुतळा. गृहस्थ एकेक दार उघडून आतली चाके दाखवीत, मेणबत्ती धरून पेटी आरपार रिकामी असल्याची खात्री करून देत, मग किल्ली फिरवीत. आणि पुतळा हात उचलून चाल करी. पुढे 1809 साली खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळावयास बसला व हरला. खरा प्रकार असा की पेटीत एक तयारीचा खेळाडू दडलेला असे. सरकत्या बैठकीवर बसून, जे दार उघडेल त्याच्या उलट बाजूस तो सरके. मालक बदलले, आतले खेळाडू बदलले, पेटी युरोपातून अमेरिकेत गेली आणि 1854 साली फिलाडेल्फियाच्या आगीत जळाली. संशय घेणारे पुष्कळ होते. पण शाबीत करावयाचे तर पेटी फोडावी लागली असती, आणि दुसऱ्याची पेटी फोडणार कोण?

आता काळ उलटला आहे. तेव्हा पेटीत माणूस दडला आहे काय, असा प्रश्न होता. आता माणसात पेटी दडली आहे काय, असा आहे. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरविले. आज खिशातल्या साध्या फोनमधला खेळ कुठल्याही जगज्जेत्यास भारी आहे. त्यामुळे स्पर्धेच्या दालनात फोन न्यावयाची बंदी झाली, दारात झडत्या आल्या. आणि त्या उगाच आल्या असे नव्हे. 2019 साली स्ट्रासबुर्ग येथे एक नामांकित ग्रँडमास्टर शौचालयात फोन वापरताना सापडला आणि त्याने चूक कबूलही केली.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना 2006 सालची एलिस्ताची लढत आठवत असेल त्यांना माझे पुढचे दुखणे लवकर समजेल. रशियातल्या काल्मिकिया प्रांताच्या या राजधानीत क्रामनिक आणि टोपालॉव्ह जगज्जेतेपदासाठी बसले होते. चार डावांनंतर क्रामनिक 3–1 असा पुढे होता. तेव्हा टोपालॉव्हच्या माणसाने तक्रार केली की क्रामनिक पुनःपुन्हा शौचालयात जातो, आणि नेमका तिथेच कॅमेरा नाही. समितीने दोघांची स्वतंत्र शौचालये बंद केली. क्रामनिक संतापला, पाचव्या डावास बसलाच नाही, व तो डाव त्याच्या नावे हरलेला धरला गेला. मी पाणी फार पितो आणि मला फेऱ्या मारावयाची सवय आहे, एवढेच त्याचे म्हणणे. त्याच्याविरुद्ध काहीही शाबीत झाले नाही. अखेर सहा-सहा अशी बरोबरी होऊन जलद डावांत तोच जिंकला. जगातला पहिल्या प्रतीचा बुद्धिमान मनुष्य आपण न्हाणीघरात का गेलो याचा खुलासा देत उभा आहे, हे वर्तमानपत्रात वाचून त्या वेळी मी पोट धरून हसलो होतो.

2025 च्या दिवाळीत ते हसू माझ्यावर उलटले.

माझा नातू तेव्हा अकरा वर्षांचा. चार वर्षे तो माझ्याशी खेळे आणि चार वर्षे हरे. मधूनमधून आजोबांनी एखादा डाव सोडून द्यावा, तो कळू नये म्हणून वजीर मुद्दाम वेंधळ्यासारखा पुढे घालावा, हा आमचा रिवाज. त्या वर्षी धनत्रयोदशीला त्याने मला हरविले. मी सोडून दिलेला डाव नव्हता तो. मी जीव तोडून खेळलो होतो. नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर पुन्हा पट मांडला. पुन्हा हरलो. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. डावात दर पाचदहा मिनिटांनी हे महाशय उठत, न्हाणीघरात जात, आणि परत येऊन जी चाल करीत ती नेमकी वर्मी बसे. आईचा जुना फोन त्याच्या खिशात असे. मला एलिस्ता आठवले.

मी सौ.च्या कानावर घातले. ती करंज्या डब्यात भरीत होती. म्हणाली, “अहो, हरला असाल तर हरलो म्हणा. पोराच्या मागे काय लागता?” हा सल्ला फार चांगला होता. मी तो मानला नाही.

तिसऱ्या डावाच्या आधी मी चकल्यांचा एक रिकामा डबा घेऊन बाहेर आलो. चेहरा शक्य तितका हसरा ठेवून म्हटले, “मोठ्या स्पर्धेत फोन बाहेर ठेवतात बरे का! चल, तुझा फोन टाक यात.” त्याने माझ्याकडे पाहिले. मग डब्याकडे पाहिले. फोन टाकला, झाकण स्वतःच लावले, आणि खेळावयास बसला. तो डाव मी जिंकलो. जिंकलो म्हणजे काय, त्याने वजीर वेंधळ्यासारखा पुढे घातला.

रात्री सूनबाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आमच्या घरात त्या मोठ्याने बोलत नाहीत. “बाबा,” त्या म्हणाल्या, “तो हात धुवायला उठतो. आईंनी सांगितलंय, फराळाचे तेलकट हात आजेसासऱ्यांच्या सोंगट्यांना लावायचे नाहीत.” मी गप्प. खेळताना मधे चिवड्याची बशी होती, हे मला कसे दिसले नाही? मी स्वतः चमच्याने खात होतो. “पण एकदम इतका खेळ सुधारला कसा?” मी विचारलेच. त्या म्हणाल्या, “गणपतीपासून रोज रात्री मी त्याला घेऊन बसते. मी शाळेत असताना जिल्ह्याला खेळले होते. तुम्ही किल्लेकोट करत नाही, राजा मधेच ठेवता, हे मी त्याला दाखवलं.”

बारा वर्षे ही मुलगी आमच्या घरात आहे. बारा दिवाळ्या तिने माझ्या पटाशेजारी चहा आणून ठेवला. तू खेळतेस काय, असे मी एकदाही विचारले नाही. आणि मी मुंबईतच लहानाचा मोठा झालेला माणूस! आमच्या डोळ्यांदेखत खाडिलकरांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी 1974 पासून पहिली दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिले नाही. रोहिणीबाईंनी पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे की नाही यावर वाद कोर्टात गेला होता. हे सारे मला पाठ होते. सूनबाईंचे काही ठाऊक नव्हते.

त्याच दिवाळीत एक बातमी आली. डॅनियल नारोडित्स्की हा अमेरिकन ग्रँडमास्टर 19 ऑक्टोबरला गेला. वय अवघे एकोणतीस. फोनवरून त्याचे खेळ आणि शिकवणे हजारो मुले पाहात. आमचा नातूही पाहात असे. वर्षभर त्याच्यावर जाहीर संशय घेतला जात होता, तो फोनवरच्या जलद डावांत लबाडी करतो म्हणून. शाबीत काही झाले नव्हते. संशय घेणारा कोण? एलिस्ताचा तोच क्रामनिक. ज्याने एकदा शौचालयाचा खुलासा दिला होता, तोच आता दुसऱ्याकडे खुलासा मागत होता. त्या तरुणाच्या मृत्यूचा आणि या प्रकरणाचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. पण अखेरच्या दिवसांत तो स्वतः बोलून गेला होता, की आता आपण चांगले खेळलो की लोकांच्या मनात वाईटच येते. चिरंजीवांनी हे वाचून दाखविले तेव्हा नातू खोलीत होता. कोणी काही बोलले नाही. मी उठून चकल्यांचा तो डबा स्वयंपाकघरात ठेवून आलो.

भाऊबीजेच्या सकाळी मी त्याला म्हटले, “बाळ, माझे चुकले.” तो “असू दे हो आजोबा” म्हणाला व फटाके उडवायला पळाला. पोरे मोठ्या मनाची असतात.

आता आमचे डाव पुन्हा सुरू झाले आहेत. सूनबाई खेळावयास बसतात आणि मला किल्लेकोट शिकवितात. तीन डावांत एक मी जिंकतो, तेही त्या सोडून देतात की काय असा मला संशय आहे. नातवाशीही खेळतो. मधे फराळाची बशी असते. फक्त पूर्वी तो नुसता उठून जाई, तो आता उठताना फोन खिशातून काढून पटाशेजारी, रिळाच्या घोड्याजवळ उताणा ठेवतो आणि म्हणतो, “आजोबा, हात धुवायला जातोय हं.” न्हाणीघराचे दार तो उघडेच ठेवतो. नळ मोठा सोडतो. पाण्याचा आवाज बाहेर मला स्पष्ट ऐकू येतो.